आकडा पुढे, डाव मागे

लेक्चर ऑफ झालं, लोकल लेट आहे, मित्र 'आलोच' म्हणून अर्धा तास गायब आहे. अशा वेळी फोनवर एक हिरवा पट उघडणारे बरेच जण आहेत. आठ बाय आठ घरं, मधोमध दोन काळ्या आणि दोन पांढऱ्या सोंगट्या. याला कुणी रिव्हर्सी म्हणतं, कुणी ऑथेल्लो. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही हा खेळ होता.

नियम अगदी सोपे. समोरच्याच्या सोंगट्या आडव्या, उभ्या किंवा तिरक्या रेषेत आपल्या दोन सोंगट्यांच्या मध्ये अडकवल्या, की त्या पलटून आपल्या रंगाच्या होतात. एकही पलटत नसेल, तर ती चालच होत नाही. कुठेच चाल नसेल तर पास. शेवटी ज्याचा रंग जास्त, तो जिंकला.

मग काय, आपण पहिल्या चालीपासून पलटायच्या मागे लागतो. स्क्रीनवर आकडा झळकतो, तुम्ही २२, फोन ६. भारीच वाटतं! आणि पुढच्या दहा-बारा चालींत सगळा पट फिरतो. 'फोन चीटिंग करतो' म्हणून आपण गेम बंद करतो.

फोन चीटिंग करत नाही. चाल करायला समोरच्याला तुमच्या सोंगट्या लागतात. तुमच्या जितक्या जास्त आणि जितक्या बाहेरच्या बाजूला, तितक्या त्याला चाली जास्त. याउलट तुमच्या थोड्या आणि मधल्या भागात असतील, तर त्याच्या चाली संपत येतात. मग त्याला नको तिथं खेळावं लागतं. 'नको तिथं' म्हणजे कोपऱ्याला तिरकं लागून असलेलं घर. तिथं तो बसला, की कोपरा बहुतेक वेळा तुमचा. आणि कोपऱ्यातली सोंगटी कधीच पलटत नाही, कारण तिला दोन्ही बाजूंनी पकडताच येत नाही. तिच्या आधाराने कडेची रांगही पक्की होत जाते. आवळा देऊन कोहळा काढतात, तो असा. अर्थात सगळाच आवळा द्यायचा नाही. पटावर आपली एकही सोंगटी उरली नाही, तर डाव तिथंच आटोपतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सेटिंग्जमध्ये सोय असेल तर स्कोअर आणि हिंट दोन्ही बंद करा. सोय नसेल तर आकड्याकडे बघूच नका. प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न विचारा, 'हे खेळलो तर त्याला किती चाली उरतील?' १९९७ मध्ये लॉजिस्टेलो या प्रोग्रॅमने तेव्हाचा जगज्जेता ताकेशी मुराकामी याला सहाच्या सहा डावांत हरवलं. तो प्रोग्रॅमही डावाच्या मध्यात सोंगट्या मोजून चाल ठरवत नव्हता. कडा, कोपरे आणि पटावरच्या रचना तो जोखत होता.

'अरे, टाइमपास आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?' असं कुणी म्हणेल. मान्य. पण चालू आकडा बघून खूश किंवा नाराज व्हायची सवय आपल्याला फक्त गेममध्येच आहे का? पहिल्या सेमिस्टरचे मार्क, मित्राचं पहिलं पॅकेज, कुणाचे किती फॉलोअर्स... डाव अर्धाही झालेला नसतो आणि आपण निकाल लावून मोकळे होतो. पुढे असलेला उगाच फुगतो, मागे असलेला खचतो. आपल्या हातात पुढच्या चाली किती उरल्यात, हे मात्र दोघंही बघत नाहीत.

आज एक डाव असा खेळून बघा. निम्म्या डावात आकड्यात मागे असाल, तर लगेच घाबरू नका. आधी कोपरे बघा.