तपासणीची खिडकी बंद आणि चौकातला दंडुका चालू

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा, छायाचित्रकारांना बोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी ‘धडक कारवाई’ची बातमी छापून आणायची, हा कार्यक्रम आपल्या शहरांत आता नित्याचा झाला आहे. कर्कश दुचाक्यांनी लोक इतके हैराण झालेले असतात की या कारवाईला टाळ्याही पडतात. या आवाजाला आमचाही विरोधच आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल २००५ साली आला, आणि तरीही रुग्णालयाच्या दारातून फटाके फोडत जाणारी बुलेट काही थांबली नाही. परंतु टाळ्या वाजवून झाल्यावर एक प्रश्न विचारला पाहिजे. सायलेन्सर चिरडला गेला, पण ती दुचाकी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे की नाही हे कोणी तपासले? तिचे ब्रेक, दिवे, आरसे, टायर कोणी पाहिले? उत्तर स्पष्ट आहे. कोणीही पाहिले नाही, कारण ते पाहण्याची व्यवस्थाच आपण उभी केलेली नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. २००० साली दुरुस्ती होऊन हे कलम आजच्या कडक स्वरूपात आले. ‘प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र’ या प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द करून मूळ रचना बदलता येणार नाही असे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज व धुराच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९० खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. म्हणजे शिक्षेच्या बाबतीत कायदा कमी पडत नाही.

तो कमी पडतो तो व्याख्येच्या बाबतीत. ‘बदल’ म्हणजे काय? कलम ५२ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, ज्यामुळे वाहनाचे मूळ वैशिष्ट्य बदलते असा रचनेतील फेरफार म्हणजे बदल. आता हँडल उंच केले तर मूळ वैशिष्ट्य बदलते काय? मागचा मडगार्ड कापला तर? टायर रुंद घातला तर? दूधवाल्याने कॅन अडकवण्यासाठी दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्यांचा सांगाडा जोडला तर? कायदा यावर काही बोलत नाही. मग हे ठरवतो कोण? चौकात उभा असलेला हवालदार! आणि त्याने ठरवलेले चूक आहे असे वाटले तर ती दुचाकी घेऊन जायचे कोठे, तिची तपासणी करून दाखला मागायचा कोणाकडे, याचेही उत्तर कोठे नाही.

सरकारला अशी खिडकी उघडता येत नाही असे मात्र समजू नये. जिथे इच्छा होती तिथे ती उघडली आहे. पेट्रोलचे वाहन गॅसवर किंवा विजेवर चालवायचे असेल तर कलम ५२ मध्येच मुभा आहे. किटचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासला जातो, मान्यताप्राप्त किट बसवले जाते आणि आरटीओकडून नोंदणी पुस्तकात तशी नोंद होते. २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीला आपले वाहन सोयीप्रमाणे बदलून घेऊन नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता नंतर घेण्याची तरतूद केली. २०२० साली सरकारने मोटारसायकलवर बसवायच्या हलक्या पेटीचे मापही ठरवून दिले. लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००. आणि पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर मागे माणूस बसवायचा नाही. हा नियम आम्हाला आदर्श वाटतो. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या पोराची पेटी कायदेशीर आहे की नाही हे पाच रुपयांच्या टेपने कोणालाही मोजता येते. हवालदाराची मर्जी तिथे चालत नाही.

याच्या उलट आवाजाचे पाहा. २००५ पासून नव्या दुचाकीसाठी ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी मर्यादा आहे. परंतु ही मोजणी मोकळ्या चाचणी मैदानावर, धावत्या गाडीपासून साडेसात मीटर अंतरावर करायची असते. हॉर्न आणि बसगाड्यांच्या गोंगाटात, उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर पिळून ती होऊ शकत नाही. म्हणून प्रत्यक्षात पुरावा असतो तो पोलिसाच्या कानाचा. ज्या कलमाखाली माणसाला तुरुंगात पाठवता येते, त्याचा पुरावा कानावर सोपवणे कोणत्या न्यायात बसते? शिवाय जप्त मालमत्तेची विल्हेवाट लावणे हा न्यायालयाच्या आदेशाचा विषय आहे. प्रत्येक रोडरोलरच्या मागे तसा आदेश असतो काय, हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे.

आता ही बाब किती गंभीर आहे ते आकड्यांवरून पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. दुचाकी हे या देशात कामगाराचे, फेरीवाल्याचे, शिकवणीला जाणाऱ्या मुलीचे, तालुक्याच्या कोर्टात तारखेला जाणाऱ्या शेतमजुराचे वाहन आहे. आणि याच वाहनाची तपासणी सर्वांत कमी होते. ट्रक, बस, रिक्षा यांना योग्यता प्रमाणपत्र लागते. पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. खासगी दुचाकीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे तिच्याकडे कोणी निरीक्षक पाहत नाही. राहता राहिली पीयूसी. त्या तपासणीत पेट्रोलच्या दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. ब्रेक लागतो की नाही, मागचा दिवा पेटतो की नाही, सायलेन्सर कोणता आहे, याच्याशी पीयूसीच्या कागदाचा काहीही संबंध नसतो.

याचा परिणाम असा झाला आहे की जो बदल ऐकू येतो तो पकडला जातो आणि जो बदल जीव घेतो तो सुटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकड, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असले पाहिजे. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून पहिल्यांदा काढले जाते ते हेच. पदर किंवा ओढणी चाकात गेली की मागे बसलेली बाई रस्त्यावर आपटते. साडीगार्ड नाही म्हणून दुचाक्या पकडण्याची मोहीम कोणी पाहिली आहे काय? हँडल उंच केले की ब्रेकची केबल ताणली जाते. आरसे काढले की मागचा ट्रक दिसत नाही. बाजारातला स्वस्त पांढरा एलईडी दिवा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले; चाक किंवा ब्रेकची चकती बदलताना त्याचा सेन्सर जागेवर राहिला की नाही हे पाहणारा कोणी नाही. या बदलांचा आवाज होत नाही, म्हणून त्यांच्यावर रोडरोलरही फिरत नाही.

आणि पकडला जातो कोण? संविधानाच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढे समानता दिली आहे. परंतु नियम संदिग्ध असला की समानता कागदावर राहते आणि माणसाचे तोंड, कपडे व वस्ती पाहून कारवाई होते. लाखो रुपयांची परदेशी मोटारसायकल घेऊन रविवारी घाटात जाणाऱ्याला सलाम मिळतो, आणि जुनी दुचाकी स्वतःच्या हाताने जुळवून गॅरेज चालवणाऱ्या वस्तीतल्या पोराला ठाण्यात बसवले जाते. वास्तविक कलम १८२-अ मध्येच विक्रेत्यासाठी तरतूद आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा सुटा भाग नियमांनुसार नसताना विकला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे एक लाख रुपये दंड. गल्लीतल्या पोराचे पाच हजार वसूल होतात. ते एक लाख किती जणांकडून वसूल झाले, हे शासनाने एकदा जाहीर करावे.

दिव्यांग बांधवांची स्थिती याहून वाईट आहे. पायाने अधू असलेल्या माणसाने स्कूटरला मागे दोन जादा चाके लावून घेतली की ती स्कूटर त्याचे पाय होते. कायदा त्याच्या बाजूने आहे. पण त्या चाकांची जोडणी कशी असावी, वेल्डिंग कोणी तपासावे, वळणावर गाडी कलंडणार नाही याची खात्री कोणी द्यावी, हे त्याला एका खिडकीवर सांगणारा माणूस मिळत नाही. तो दलालाकडे जातो. दलालाच्या हातून मान्यता मिळते, तपासणी मात्र होत नाही.

अपघात झाला की हाच गोंधळ दाव्यात येतो. वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दुसऱ्याच्या गाडीने जखमी झालेल्या त्रयस्थाचा दावा असेल, तर विमा कंपनीला जबाबदारी टाळण्याची कारणे कलम १५० मध्ये, म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीपूर्वीच्या कलम १४९ मध्ये, मोजून दिलेली आहेत. त्यांत साइडकारचा उल्लेख आहे, सायलेन्सरचा किंवा हँडलचा नाही. म्हणून गाडीत बदल केला होता एवढ्यावरून त्रयस्थाची भरपाई बुडता कामा नये. तसे सांगून कोणी तडजोडीची सही मागितली तर देऊ नये. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र करारावर चालतो, आणि तिथे न कळवलेला बदल आडवा येतो. अधिकृत तपासणीचा दाखला हातात असता तर हा वादच उरला नसता.

इतर देशांनी हे काम कसे केले? ब्रिटनमध्ये तीन वर्षे जुन्या मोटारसायकलची दरवर्षी तपासणी होते. मूळ रचना फार बदललेल्या किंवा हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या मोटारसायकलला त्या एका गाडीपुरती स्वतंत्र मान्यता घेण्याची सोय आहे. निरीक्षक तिचे ब्रेक, दिवे, आवाज तपासतो. उत्तीर्ण झाली तर ती रस्त्यावर येते. जर्मनीत दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि बदललेल्या भागाची मान्यता कागदपत्रात नोंदवली जाते. तिथेही बेकायदा बदलाला दंड आहेच. परंतु दंड करण्यापूर्वी त्यांनी तपासून घेण्याचा रस्ता दिला आहे.

यावर लोक म्हणतील की आरटीओत आणखी एक खिडकी म्हणजे आणखी एक चिरीमिरी. हा आक्षेप खोटा नाही. व्यापारी वाहनांची तपासणी कायद्याने सक्तीची असतानाही ब्रेक तपासायला २५० मीटरचा पट्टा असावा यासाठी पुण्याच्या एका नागरिकाला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, आणि न्यायालयाला २०१६ साली आदेश द्यावे लागले. परंतु यातून निघणारा धडा तपासणी नको असा नाही. मोजता येणारे मानक आणि यंत्रावर निघणारा निकाल असेल तर चिरीमिरीला जागा कमी राहते. २०२१ साली केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले आहेत. त्या केंद्रांत दुचाकीसाठी एक मार्गिका ठेवणे अवघड नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दुचाकीतील बदलांच्या तीन याद्या शासनाने मराठीत प्रसिद्ध कराव्यात: कधीही चालणार नाहीत असे बदल, तपासणीनंतर चालतील असे बदल आणि परवानगीची गरज नसलेले बदल. प्रत्येक जिल्ह्यात ठरलेल्या शुल्कात तपासणी व्हावी आणि दिव्यांगांना ती मोफत असावी. नापास केले तर कारण लेखी मिळावे व त्यावर अपील असावे. उभ्या गाडीचा आवाज मोजण्याची पद्धत व मर्यादा ठरवून पोलिसांना यंत्र द्यावे आणि त्याच्या आकड्याशिवाय खटला भरू नये. साडीगार्ड, आरसे, ब्रेक आणि मागचा दिवा यांची तपासणी पीयूसीच्या वेळीच करावी. आणि कारवाई सुट्या भागांच्या कारखान्यापासून व घाऊक दुकानापासून सुरू व्हावी.

ज्या तरुणांच्या हातात पाना आहे त्यांनाही आमचे सांगणे आहे. तुमचे कसब आम्हाला मोलाचे वाटते. परंतु आई-बहिणीला ज्या गाडीवर बसवता तिचा साडीगार्ड कापू नका, आणि आजाऱ्याच्या उशाशी फटाका फोडणारा सायलेन्सर लावू नका. तुमच्या कामाची रीतसर तपासणी होऊन त्यावर सरकारी शिक्का मिळावा, ही मागणी गॅरेजवाल्यांच्या संघटनेने लेखी स्वरूपात परिवहन आयुक्तांकडे केली पाहिजे. दंडाची पावती फाडणाऱ्या शासनाने आधी तपासणीची खिडकी उघडावी.