चारमिनारच्या दारात कोण?

तुमचं गाव मराठवाड्यात असेल, तर आजीच्या ट्रंकेत चारमिनारवाला चांदीचा एखादा रुपया पडलेला असण्याचा चान्स भरपूर. हा निजामाचा हाली सिक्का. ब्रिटिशांचा तो 'कलदार', आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब चालायचा.

आता भिंग घ्या (मोबाइलचा कॅमेराही चालतो) आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत डोकवा. आत एक इवलंसं उर्दू अक्षर आहे. 'मीम' असेल तर रुपया सहाव्या निजामाचा, म्हणजे महबूब अली खान यांचा. चारमिनारवाले रुपये त्यांच्याच काळात, १९०३-०४ च्या सुमारास आले. 'ऐन' असेल तर सातवे, उस्मान अली खान. ते १९११ मध्ये गादीवर आले. म्हणजे राजाच्या नावाचं पहिलं अक्षर थेट दारात!

खरी गंमत पुढेच. ऐनही दोन प्रकारचा. आरशात पाहिलेल्या इंग्रजी तीनसारखा दिसतो तो पूर्ण ऐन. नुसतं वरचं वळण, खाली शेपूट नाही, तो अर्धा. हा सुरुवातीचा, हिजरी १३३० च्या आसपासचा. नंतर कमानीत पूर्ण ऐन आला.

हदगावला आमच्या घरी असे अकरा रुपये निघाले. काकांचा प्लॅन तयार होता : "सगळे सारखेच हायेत की. मोडून पैंजण करू. कशाला डोळे फोडायलास?" सोनाराच्या काट्यावर सारखेच, हे खरं. वजन ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के, मीम काय नि ऐन काय, भाव तोच. पण मुशीत गेलं की दारातलं अक्षर गेलं. मी वेगळे करून दाखवले : चार मीम, सात ऐन, त्यात एक अर्धा. दोन रुपयांना कडी डाकलेली होती. संग्राहक असल्या नाण्याला कमी भाव देतात, म्हणून मी ते मोडीत काढायला सुचवलं. काकू म्हणाली, "ते माझ्या सासूच्या गळ्यातले हायेत." विषय संपला.

साल वाचताना एक काळजी घ्या. उर्दू सात इंग्रजी व्ही सारखा, आठ त्याच्या उलट. नाणं उलटं धरलंत तर १३३७ चा शेवटचा आकडा सरळ आठ वाटतो. चारमिनार आधी सरळ उभा करा, मग साल वाचा. आणि प्लीज, चिंच लावून घासू नका. तो काळपटपणा संग्राहकांना हवा असतो.