हिऱ्याची पूड आणि जयपूरचे मत

जयपूर : लागून सुट्या आल्या की दिल्लीतील मराठी कुटुंबे जयपूर गाठतात, रामनिवास बागेत फिरतात आणि परततात. ही बाग उभारणारे महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) एका मराठी संस्थानिकाच्या चौकशीसाठी बडोद्यात आयोगावर बसले होते, हे येथील वाटाडे सांगत नाहीत.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले आणि मळमळू लागल्याने उरलेले ओतून दिले. तळाच्या गाळात सोमल आणि चकाकणारे कण आढळले. ते कण हिऱ्याच्या पुडीचे असल्याचे सांगण्यात आले. जीव घेण्याची ताकद होती ती सोमलात. वृत्तपत्रांना मात्र हिरे मिळाले! साक्षी रोजच्या रोज छापल्या जात, लंडनच्या सचित्र पत्रांतून चित्रे झळकत. पौर्वात्य राजा, विष आणि हिरे, एवढ्यावरच वाचकाने मनाशी निकाल लावून टाकला. देशी पत्रांनी मल्हारराव गायकवाडांची बाजू घेतली, तीही पुराव्यापेक्षा स्वाभिमानाच्या जोरावर.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हारराव कैद झाले. फेब्रुवारीत आयोग बसला. अध्यक्ष सर रिचर्ड काऊच; सोबत मीड, मेलव्हिल, जयाजीराव शिंदे, सर दिनकरराव राजवाडे आणि जयपूर नरेश. यांपैकी मीड यांनीच १८७३ मध्ये बडोद्याच्या गैरकारभाराची चौकशी केली होती, हे योगायोगाचे म्हणावे काय? पुराव्याचा मुख्य भार माफीचे आश्वासन मिळालेल्या साक्षीदारांवर होता आणि बचावाचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत नेमका तोच खिळखिळा केला.

तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला. तिघा भारतीयांनी मानला नाही. साम्राज्याशी निष्ठेने वागणाऱ्या जयपूर नरेशांनीही व्हाइसरॉयला हवा तो निर्णय दिला नाही. तरीही एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले. कारण दिले गेले गैरवर्तन, गैरकारभार आणि अकार्यक्षमता यांचे. ज्या आरोपासाठी आयोग नेमला त्यावर निर्णायक निकाल लागलाच नाही. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासेत वारले.

त्यांना हुतात्मा ठरविण्याचे कारण नाही. त्यांचा कारभार वाईटच होता. दादाभाई नौरोजींसारखे दिवाणही तेथे फार काळ टिकले नाहीत. परंतु वाईट राजा म्हणजे विषप्रयोग करणारा राजा नव्हे. हा भेद आयोगातील तीन भारतीयांनी पाळला, वृत्तपत्रांना तो पाळता आला नाही.

दिल्लीत हा विषय जुना झालेला नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २००६ मध्ये २०० वा अहवाल दिला, तो माध्यमांनी चालविलेल्या खटल्यांवरच. न्यायालयाच्या अवमानाच्या कायद्याचे संरक्षण आरोपपत्र किंवा समन्सपासून नव्हे, तर अटकेपासूनच आरोपीला मिळावे, अशी त्यात शिफारस होती. वाहिन्यांचा निकाल लागतो तो अटक आणि आरोपपत्र यांमधल्या दिवसांतच. शिफारस कायद्यात उतरली नाही. शून्य प्रहरात वाहिन्यांवर तोंडसुख घेणारे काही सदस्य रात्री त्याच वाहिन्यांच्या चर्चेत बसलेले दिसतात.