कापसाला कपात, कच्च्या कामाला मात्र पुरा दाम!



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. ग्रेडर ढिगात हात घालतो. कवडी किती, काडीकचरा किती, ओलावा किती, सगळे पाहतो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात. १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. पावसाने ज्वारीचा दाणा काळा पडला की व्यापारी मूठभर ज्वारी हातावर घेऊन नाक मुरडतो. वर्षभर राबून पिकवलेल्या मालातले प्रत्येक न्यून आपल्याच पट्टीतून वसूल होते.

त्याच पट्टीचे पैसे घेऊन आपण घर बांधायला निघतो, तेव्हा मात्र उलटा कारभार. ओळंब्यात नसलेली भिंत, गळणारा स्लॅब, पोपडे सुटणारा गिलावा, सगळे पुऱ्या दामाने घेतो. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी शेवटचा हप्ता देतो, वर मिस्त्रीला टॉवेल-टोपी करतो आणि पहिल्याच मृगात छताखाली पातेली मांडतो. ठेकेदाराला विचारावे तर तो म्हणतो, "नवे घर आहे, थोडे बसायचेच." आपण मान डोलावतो.

दुसरे लोक अशी मान डोलावत नाहीत. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याकडेचा फलक वाचा. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच पुढची ५ वर्षे त्याची देखभाल असते. शहरात बिल्डरकडून सदनिका घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने संरक्षण दिले आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. आपण आपल्या जागेवर ठेकेदाराकडून बांधतो त्या घराला हा कायदा लागत नाही. घरकुलाचे तर विचारूच नका. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात केंद्राने १ लाख २० हजारांचे अर्थसाहाय्य ठरवले. ठेकेदार लावू नये असा नियम आहे, तरी कित्येक गावांत 'सगळे करून देतो' म्हणणारा भेटतोच. हप्ता फोटो पाहून सुटतो. फोटोत भिंत दिसते, ओळंबा दिसत नाही.

म्हणून आपला ग्रेडर आपणच व्हायचे आहे. त्याला इंजिनिअरची पदवी लागत नाही. शेतकऱ्याची नजर पुरते.

सुरुवात जमिनीपासून. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्या जमिनीत चैत्रात हात जाईल एवढी भेग पडते, तीच जमीन जोत्याखाली आहे. पाया काळीतून उतरून घट्ट मुरमाला टेकला पाहिजे. काळी फार खोल असेल तर तिथेच थांबा आणि इंजिनिअरला दाखवा; ती फी वाया जात नाही. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, धुमसून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. काँक्रीट पातळ केले की ओतायला सोपे जाते, म्हणून मजूर बादलीवर बादली रिचवतो. ५० किलोच्या एका गोणीला २७ लिटरच्या वर पाणी नको. वाळू ओली असेल तर आणखी कमी. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. गळती तिथूनच सुरू होते. स्लॅबच्या सळया फळीवर टेकलेल्या दिसल्या तर काम थांबवा. खाली पाऊण इंच काँक्रीट नसेल तर सळई गंजणार आणि छताचे ढलपे पडणार.

स्लॅब पडल्यावर मात्र पाणी हवे, आणि ते आपणच कमी मारतो. आपल्या उन्हात किमान १० दिवस, जमल्यास १४ दिवस तो ओला राहिला पाहिजे. आळी बांधून पाणी कोंडणे शेतकऱ्याला कुणी शिकवायचे? पण एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहत स्लॅब टाकला, तर पाणी येणार कुठून? पाण्याचा हिशोब आधी, स्लॅबची तारीख मग.

काम झाल्यावर तडा गेला तर घाबरू नका, आणि गिलाव्याखाली झाकूही देऊ नका. केसासारख्या, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा, पायरीपायरीने गेलेला आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दिसणारा तडा वेगळा. तो पाया हलल्याचे सांगतो. अशा तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा अजून चालतो आहे. मग लिंपण नको, इंजिनिअर हवा.

हे सगळे पाहून उपयोग तेव्हाच, जेव्हा हातात काही शिल्लक असते. पैसा दिल्यावर तक्रार ऐकायला कोण येतो? म्हणून काम सुरू होण्याआधी एक कागद करा. त्यावर मापे, मालाचे प्रमाण, दर आणि टप्प्याटप्प्याचे हप्ते लिहा. खाली एक ओळ लिहा: 'एकूण रकमेचा दहावा हिस्सा एक पावसाळा गेल्यावर, दोष दुरुस्त करून दिल्यावर मिळेल.' दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. दोष दिसला की तोंडी भांडू नका; तारीख घालून लेखी कळवा, फोटो ठेवा. पूर्ण काम अंगावर घेतलेला ठेकेदार ऐकतच नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. तक्रार २ वर्षांच्या आत करायची. ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. मात्र पावत्या आणि कागद लागतात. रोजंदारीने आपणच गवंडी लावला असेल, तर हा रस्ता सहसा मिळत नाही; तिथे रोजची नजर हाच इलाज.

एक गोष्ट मात्र विसरू नका. गवंडी हाही बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा असतो. त्याचा दर पाडून, सिमेंटात हात आखडून, वर अक्षय तृतीयेचा मुहूर्त गाठायची घाई लावून आपणच काम बिघडवतो. घामाला दाम ही आपली मागणी आहे, ती त्याच्या घामालाही लागू आहे. चांगल्या कामाचा पैसा ठरल्या दिवशी द्या. कच्च्या कामाचा दहावा हिस्सा राखून ठेवा. हा अन्याय नव्हे, व्यवहार आहे.

घर एका पिढीत एकदाच होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत बांधणारे लांब दगड बहुतेक घरांत नव्हते. दिसायला त्या भिंती भक्कमच होत्या.

या बैठकीहून परत जाताना एवढेच ठरवून जा: गावात यंदा ज्याचे घर निघेल, त्याचा कागद दोन कार्यकर्त्यांनी बसून लिहून द्यायचा.