पंगत उठायच्या आधी

लग्नाच्या जेवणाची कामं घेणारे जुने, मुरलेले केटरर एक गोष्ट न चुकता करतात. शेवटची पंगत बसायच्या आधी ते मुलीच्या वडिलांना, नाहीतर पैशांची पिशवी सांभाळणाऱ्या मामांना, बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, "काका, तेवढं बाकीचं बघून घ्या." काकांना राग येतो. घरचं कार्य चाललंय आणि हा हिशेब घेऊन उभा! "पैसे काय पळून चाललेत का?" केटरर हसतो, मान डोलावतो आणि जागचा हलत नाही. पैसे खरंच पळतात, हे त्याला ठाऊक असतं. वरात निघाली, हॉल रिकामा झाला, की मठ्ठा पातळ होतो, जिलबी गार होते, तीनशे ताटांची अडीचशे होतात. दुपारी मसालेभात दुसऱ्यांदा मागून घेणारे पाहुणे संध्याकाळी साक्षीला उभे राहतात.

छोट्या धंद्यांच्या वह्या लिहिणं हे माझं काम, त्यामुळे मला या केटररचा राग येत नाही. या सदराला जीएसटीवर, कर्जावर पत्रं येतात, पण सगळ्यात जास्त येतात ती बुडालेल्या बिलांवर. त्यातली बहुतेक वाचताना एकच जाणवतं: तक्रार बिलाबरोबर जन्माला येते. काम चालू असताना चहा येतो, "छान झालंय हो" येतं. बिल गेलं की खोट दिसायला लागते.

दुकानदाराचं बरं असतं. पैसे हातात आल्याशिवाय तो वस्तू काउंटरच्या पलीकडे सरकवत नाही. रंगाऱ्याला भिंतीवरचा रंग खरवडून डब्यात भरता येत नाही, शिकवणी घेणाऱ्याला शिकवलेलं गणित मुलाच्या डोक्यातून काढून आणता येत नाही. म्हणून सेवा विकणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा: काम संपेल त्या क्षणी माझ्या हातात काय असेल?

काहींच्या हातात असतं. घड्याळवाला, मोबाइल दुरुस्त करणारा, गॅरेजवाला, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, बुकबाइंडर. १८७२ चा भारतीय करार कायदा त्यांच्या बाजूने आहे. कलम १७० म्हणतं, दिलेल्या वस्तूवर तुम्ही कष्ट किंवा कसब खर्च केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. कायद्याने दोन उदाहरणंही दिली आहेत. पहिल्यात एक जवाहिऱ्या आहे. पैलू पाडायला आलेला हिरा तो पैसे मिळेपर्यंत ठेवू शकतो. दुसऱ्यात शिंपी आहे. कापड घेऊन त्याने कोट शिवायचं कबूल केलं, शिवला की लगेच देईन म्हणाला आणि वर तीन महिन्यांची उधारीही कबूल केली. कायदा सांगतो, या शिंप्याला कोट अडवता येणार नाही.

हा शिंपी मला फार जवळचा वाटतो. आपल्याकडे तो प्रत्येक गल्लीत आहे. "राहू द्या हो, द्या सावकाश," हे शब्द म्हणताना आपण हातातला हक्क सोडून देतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. दुसरी एक गफलत गॅरेजवाल्यांची. गेल्या वर्षीचं बिल थकलंय म्हणून यंदा आलेली स्कूटर अडवून ठेवतात. ते चालत नाही. हक्क त्या कामाच्या त्या पैशांपुरताच. वस्तू एकदा हातातून गेली की तोही संपला, आणि ठेवून घेतलेली वस्तू परस्पर विकायचा अधिकार तर या कलमात नाहीच.

आता उरले ते, ज्यांचं काम गिऱ्हाइकाच्या घरात होतं आणि तिथेच राहतं. रंगारी, प्लंबर, सुतार, पेस्ट कंट्रोलवाला, एसीवाला. अडवायला काही नाही, म्हणून अडवण्याजोगं काहीतरी यांनी स्वतः तयार करायचं. कसलेला रंगारी ते करतो. सामानाचे पैसे आधी घेतो, लांबी आणि प्रायमर झाल्यावर दुसरा हप्ता, आणि शेवटचा हात मारायच्या आधी तिसरा. हात मारून झाल्यावर अगदी थोडी रक्कम उरते. राहिलेल्या पैशांपेक्षा राहिलेलं काम नेहमी मोठं असावं, एवढं तो पाळतो. बिनरंगाच्या भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हप्ता देणं गिऱ्हाइकाला सोपं जातं. गिऱ्हाइकाची भीतीही खोटी नाही बरं का. सुताराने आगाऊ पैसे घेऊन दोन महिने तोंड दाखवलं नाही, ही कहाणी घरटी आहे. टप्पे पाडले की दोघांचाही जीव फार मोठ्या रकमेत अडकत नाही.

माझ्याकडे हिशेब आणणारा एसी दुरुस्तीवाला एक मुलगा आहे. थकलेल्या प्रत्येक बिलाच्या मागे तो पेन्सिलीने नोंदी करतो. एका बिलामागचं हे वाचा. "३ एप्रिल: साहेब मीटिंगमध्ये. ९: वहिनी म्हणाल्या, ह्यांना विचारा. १४: ह्यांनी विचारलं, किती होते? २२: गॅस टिकला नाही वाटतं. ५ मे: गावाला." बिल अठराशे रुपयांचं. त्यासाठी पाच फोन, दोन चकरा आणि पेट्रोल. शेवटी फोन उचलणंच बंद झालं. यंदाच्या उन्हाळ्यात त्याने रीत बदलली. काम झालं की तो हत्यारं पिशवीत भरत नाही. साहेबांना, वहिनींना खोलीत बोलावतो, हात जाळीसमोर धरायला सांगतो आणि विचारतो, "गार येतंय ना?" येतंय म्हटल्यावर मोबाइलवर बिल, फोटो आणि "काही राहिलं असेल तर आत्ता सांगा" एवढा निरोप पाठवतो. मग क्यूआर पुढे करतो. हत्यारं अजून जमिनीवरच असतात. त्याची उधारी शून्यावर आली नाही, पण पेन्सिलीच्या नोंदी बऱ्याच आखूड झाल्या आहेत.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. पण ही भीड सगळ्यांना सारखी नसते, ही मोठी गंमत आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची जत्रेची पंच मंडळी येतात, भाव ठरतो, सुपारी दिली जाते आणि मगच तारीख पक्की होते. बँडवाला सुपारीशिवाय वरातीला येत नाही, मांडववाला आगाऊ घेतल्याशिवाय बांबू उतरवत नाही. त्यांना कुणी लोभी म्हणत नाही. आगाऊ मागायला जीभ अडखळते ती शिकलेल्या धंद्यांची. ग्राफिक डिझाइन करणारी मुलगी, भाषांतर करणारे निवृत्त मास्तर, वेबसाइट बनवणारे दोघं मित्र आणि आमच्यासारखे हिशेबनीस. पैशाचं बोलणं हलकं, हा संस्कार आम्ही पदवीबरोबर घेऊन बाहेर पडलो. डिझायनरने दाखवायला पाठवलेलं चित्र आडवी खूण न छापता पूर्ण आकारात पाठवलं, तर ते तिच्या पैशांच्या आधी छापखान्यात पोचतं. नात्यातल्यांबद्दल एवढंच सांगतो: सवलत द्यायची तर बिलावर लिहून द्या, उधारी देऊ नका.

एक साधं गणित करून बघा. वीस हजारांचं बिल बुडालं. सामान, मदतनीस, प्रवास धरून तुमचे सतरा हजार गेले. धंद्यात शेकडा पंधरा सुटत असतील, तर ते सतरा हजार भरून काढायला आणखी १ लाख १३ हजारांचं काम करावं लागेल, तेही निव्वळ फिट्टंफाट व्हायला. त्यात जीएसटीची नोंदणी असेल तर दुखणं दुप्पट. सेवा दिल्यापासून साधारणपणे तीस दिवसांत बिल करावं लागतं, आणि बिल केलं की कर भरायचा. गिऱ्हाइकाने दमडी दिली नसली तरी सरकारला त्याचा हप्ता तुमच्या खिशातून जातो. पुढे पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही.

घरगुती गिऱ्हाईक निदान डोळ्याला डोळा देताना अवघडतं. कंपन्या, संस्था, मोठे बांधकामवाले यांना डोळेच नसतात, विभाग असतात. "बिल अकाउंट्सला गेलंय." "पीओ नंबर नाही टाकलात." "सह्या करणारे साहेब रजेवर आहेत." "आमचंच पेमेंट वरून अडकलंय, मार्चनंतर बघू." खेटे घालून चपला झिजतात. यांच्याशी भांडताना आवाजाचा उपयोग नाही, कागद लागतो, आणि कागद कायद्याने बऱ्यापैकी दिला आहे. दुर्दैवाने तो वापरणारे थोडे.

२००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडची असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. सेवाही यात आली. एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला धंदा सूक्ष्म धरला जातो, म्हणजे हे सदर वाचणारे जवळजवळ सगळे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. उदाहरणापुरता बँक रेट सहा टक्के धरला, तर दोन लाखांच्या बिलावर वर्षभरात ३९ हजारांवर व्याज चढतं.

पण माझ्या लेखी या कायद्यातली सगळ्यात मोलाची ओळ वेगळीच आहे. काम झाल्यापासून पंधरा दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम पूर्ण झालं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं कायदा धरतो. चौथ्या महिन्यात आठवलेल्या खोटीला मुदतीच्या मोजणीत किंमत राहत नाही. म्हणून काम संपलं त्या दिवशीच ईमेल टाकायची: काम अमुक तारखेला पूर्ण झालं, हरकत असल्यास कळवावे. त्या ईमेलला उत्तर येत नाही, आणि ते न येणंच तुमच्या कामाचं.

पैसे तरी आलेच नाहीत तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषद आहे. त्यासाठी समाधान पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं, अर्ज घरबसल्या करता येतो. निकाल नव्वद दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. तरी एक खुंटी पक्की आहे: परिषदेचा निवाडा मोडायला न्यायालयात जाणाऱ्या कंपनीला आधी रकमेचे ७५ टक्के भरावे लागतात. मालासकट घेतलेल्या बांधकामाच्या कंत्राटांना हा कायदा लागतो की नाही यावर न्यायालयांत वाद आहेत, ते काम असेल तर वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

परिषदेपर्यंत जायचं नसेल तर हिशेबनिसाच्या भाषेत बोला. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात एक तरतूद घातली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. सूक्ष्म-लघु उद्योगाची बिलं मुदतीत दिली नाहीत, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. जीएसटीतही १८० दिवसांत पैसे न देणाऱ्याला घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. फेब्रुवारीत या दोन गोष्टींची आठवण करून देणारं नम्र पत्र लिहा आणि ते साहेबांना न पाठवता त्यांच्या हिशेब विभागाला पाठवा. धमकीपेक्षा ते लवकर वाचलं जातं.

अठराशे रुपयांसाठी मात्र परिषदेत कुणी जाणार नाही. गिऱ्हाइकाला ग्राहक आयोगाचं दार आहे, कारागिराला त्या दारातून पैसे मागायला जाता येत नाही, ही उणीव मला नेहमी खटकते. त्यातल्या त्यात तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ. समोरचा यायला हवा, एवढीच अडचण. दावा लावायचा तर मुदत साधारण तीन वर्षांची. मधल्या काळात गिऱ्हाइकाने सहीनिशी देणं कबूल केलं तर ती तिथून नव्याने सुरू होते. चेक परत आला तर बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. ती चुकली की फौजदारी तक्रारीचा रस्ता त्या चेकपुरता अवघड होऊन बसतो.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर थकबाकीदाराचं नाव टाकू नका, अब्रुनुकसानीचं लचांड मागे लागेल. बसवलेला पार्ट परस्पर काढून आणू नका, वसुलीला पोरं तर पाठवूच नका. अठराशे रुपयांसाठी तुम्हीच आरोपी व्हाल.

आणि एक काम या आठवड्यात करून टाका. उद्यम नोंदणी. नोंदणीच्या आधीच्या कामाला एमएसएमई कायद्याचा लाभ मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. २०२५ मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला, पण त्या वादात आपण कशाला सापडायचं? आधार आणि पॅन लागतं, जीएसटी असेल तर तो क्रमांक. नोंदणी झाली की उद्यम क्रमांक प्रत्येक बिलाच्या माथ्यावर छापा. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तुमच्याकडून तिचे पैसे घेणारे एजंट गावोगाव आहेत, आणि ते आपले पैसे आगाऊ घेतात.