नव्या कापडाची अट

गोधडीला आता प्रदर्शनाचे दिवस आले आहेत. बचतगटांचा मेळा असो, महाविद्यालयातला महिला दिन असो की शहरातले हस्तकलेचे दालन. कुठे ना कुठे 'गोधडी स्पर्धा' भरते, फीत कापली जाते, पहिल्या तीन क्रमांकांना प्रमाणपत्रे मिळतात. याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रवेशिकेच्या मागे छापलेल्या नियमांबद्दल. अलीकडे अशा एका स्पर्धेचा कागद हाती आला. (संयोजकांचे नाव सांगण्यात काही हशील नाही.) गोधडी नव्या कापडाची असावी, वापरलेली नसावी, टाके एकसारखे असावेत आणि प्रवेशिका गटाच्या नावे भरावी. या चारही अटी पाळून जी वस्तू तयार होईल ती सुबक असेल, उबदारही असेल. तिला गोधडी का म्हणायचे, एवढेच कळत नाही.

नव्या कापडाची गोधडी हा वदतोव्याघात आहे. लुगडे विरले की त्याचा धड राहिलेला भाग वरच्या पांघरणाला जातो. धोतराचे, परकराचे, शाळेच्या सदऱ्याचे तुकडे आत थरावर थर बसतात. आणि कडेपासून आत आत सरकत जाणारा धावदोरा हे सगळे धरून ठेवतो. टाका घातला जातो तो थर सरकू नयेत म्हणून. नक्षी त्यातून आपोआप उमटते. परीक्षक मात्र ती नक्षीच तेवढी पाहतो आणि एका इंचात किती टाके बसले ते मोजतो. म्हातारीची नजर अधू झाली की टाका लांबतो. जाणती बाई गोधडी उलटसुलट करून सांगते, इथवर सासूने घातले आहेत, इथून पुढे सुनेने. नेमक्या त्या जागी आमचा परीक्षक गुण कापतो. पोथीत मध्येच अक्षराचे वळण बदलले तर आपण त्यावर शोधनिबंध लिहितो. गोधडीत हात बदलला की तो दोष ठरतो!

ॲलिस वॉकर यांची 1973 सालची 'एव्हरीडे यूज' ही कथा अनेकांनी वर्गात शिकवली असेल. शहरात शिकून आलेली डी आजीच्या हातच्या गोधड्या भिंतीवर टांगायला मागते. आई त्या मॅगीला देते, जी लग्न होऊन त्या रोज अंगावर घेणार आहे. विद्यार्थी डीला नावे ठेवून मोकळे होतात, आणि आपणही त्यांना तसे होऊ देतो. खरे तर डीची बाजू इतकी कच्ची नाही. रोज वापरलेली गोधडी झिजते, हे ती खोटे बोलत नाही. पण तिलाही त्या गोधड्या हव्या आहेत त्या जुन्या, हाताने शिवलेल्या, आजीच्या कपड्यांच्या तुकड्यांच्या. आपली स्पर्धा डीच्याही पुढे गेली आहे. तिला ते जुने तुकडेही नकोत.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या मिझुरी पेटवे या बाईने 1942 साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेता यावी म्हणून. 2002 साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या वस्तीतल्या गोधड्यांचे प्रदर्शन सुरू झाले आणि पुढे ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले, त्यात हीही होती. घामाने विटलेले, शिवण उसवून पुन्हा जोडलेले ते कापड आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच अटीला बाद झाले असते.

चौथी अट नावाची. याच व्हिटनी संग्रहालयात 1971 साली गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या गेल्या होत्या. पाहणारे भारावले, शिवणाऱ्या बायकांचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. पॅट्रिशिया मेनार्डी यांनी 1973 साली त्यावर खरमरीत लेख लिहिला. जीज बेंडच्या वेळी नावे आली, तरी मोबदल्याचा आणि हक्काचा वाद उरलाच. 2007 साली काही कारागीर स्त्रिया न्यायालयात गेल्या. नाव आले की हिशेब मागितला जातो. 'गटाच्या नावे' ही अट संयोजकांना सोयीची वाटते ती बहुधा म्हणूनच.

मराठीच्या अभ्यासकांना तर हे नवे नसावे. लोकसाहित्य म्हणजे अनामिकांचे साहित्य, असे आपण पिढ्यान्पिढ्या परीक्षेत लिहवून घेतले. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणाऱ्या बायकांची नावेगावे नोंदवली, तेव्हा दिसले की त्या अनाम नव्हत्या. विचारायचे राहून गेले होते. गोधडीच्या बाबतीत ते अजून राहूनच चालले आहे.

संयोजक म्हणतात, जुन्या कापडाला वास येतो, आणि शिवाय विक्री व्हायची असते. पहिल्या आक्षेपाला साबण आणि ऊन पुरेसे आहे. दुसरा प्रामाणिक आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. चार पैसे मिळवणाऱ्या बाईला शुद्धतेचे प्रवचन देण्याचा अधिकार पगारी प्राध्यापकांना नाही. नव्या कापडाच्या गोधड्या खुशाल विकाव्यात, त्यांचे वेगळे दालन असावे, तिथे भावही चांगला मिळावा. परंपरेच्या नावाने बक्षीस देताना मात्र जुनी, अंगावर घेतलेली गोधडी दाराबाहेर ठेवू नये. प्रवेशिकेत टाक्यांच्या गुणांचा रकाना आहे तिथे तीन ओळी सोडाव्यात: शिवली कोणी, कपडे कोणाचे, आजवर पांघरली कोणी. मजुरीवर शिवून घेतली असेल तर शिवणारीचे नाव पहिल्या ओळीत, आणि बक्षिसाची रक्कमही तिच्याच हातात.