ढालीआधी तराजू

गेल्या महिन्यात एका धरणाकाठच्या बाजारगावातून फोन आला. बोलणारे गृहस्थ आपले जुने वर्गणीदार. दुकान तीन पिढ्यांचे. दर्शनी भागात खिळे, तारा, दोर, ताडपत्री आणि मागच्या फळीवर नायलॉनची जाळी, गळ, शिसे, रीळ. "साहेब, यंदा धरणावर गळाची स्पर्धा भरवतोय. पंचक्रोशीतले शंभरेक गडी येतील. पहिलं बक्षीस 21 हजार ठेवू की 31? आणि ढाल किती फुटी करू?"

आम्ही विचारले, "मासा मोजणार कशावर?"

"आहे की दुकानातला काटा."

"आणि मोजून झाल्यावर मासा जाणार कुठे?"

"कुठे म्हणजे? संध्याकाळी सगळ्यांना रस्सा-भाकरी."

रश्शाशी आमचे भांडण नाही. हे मासिक ज्यांच्या हातात पडते, त्यांतले निम्मे तरी मासा विकून जगतात आणि उरलेले निम्मे तो आवडीने खातात. पण स्पर्धा म्हटली की त्या दोन प्रश्नांना बक्षिसाच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व येते. आमच्याकडे येणाऱ्या स्पर्धांच्या पत्रकांवर बक्षिसे ठळक असतात, प्रायोजकांचे फोटो त्याहून ठळक असतात. तराजूबद्दल अवाक्षर नसते.

प्रायोजक म्हणून गावातला दुकानदार पुढे येतो, ही गोष्ट मात्र मनापासून स्वागताची आहे. शहरातली शीतपेयाची कंपनी फ्लेक्स लावते आणि तो उतरला की निघून जाते. गळ विकणारा, काठावर ढाबा चालवणारा, ट्रॅक्टरचे सुटे भाग ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशीही त्याच पाण्याकाठी असतो. तलाव मेला तर त्याचे गिऱ्हाईक मरते. हा स्वार्थ चांगला आहे. फक्त त्याचा पैसा योग्य जागी लागला पाहिजे.

आज जगभर चालणाऱ्या गळस्पर्धांचे एक मूळ अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात सापडते. व्हाइट नदीवर नवेच धरण झाले होते, त्यातून बीव्हर लेक तयार झाला होता. जून 1967 मध्ये तिथे माँटगोमेरीच्या रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने बास माशाची स्पर्धा भरवली. 13 राज्यांतून 106 जण आले, प्रवेश फी प्रत्येकी 100 डॉलर. स्कॉटच्या खिशात पैसा नव्हता. जवळच्या स्प्रिंगडेल गावातल्या एका डॉक्टरने अडीच हजार डॉलर दिले म्हणून गाडी हलली. म्हणजे पुढे कोट्यवधी डॉलरची झालेली ती दुनिया सुरू झाली एका गावकऱ्याच्या मदतीवर. पहिल्या काही वर्षांत तिथेही मोजलेला मासा मेलेलाच असे. मग स्कॉटच्या लक्षात आले की स्पर्धा वाढतील तसे लोक बोट दाखवणार, की हे आमचा तलाव रिकामा करायला येतात. 1972 मध्ये त्याने मासा जिवंत आणायचा आणि जिवंत सोडायचा, असा नियम केला. बोटीत हवा खेळती ठेवणाऱ्या टाक्या आल्या. मेलेला मासा आणला तर वजनात कपात होऊ लागली. तो काही साधुसंत नव्हता, धंदा त्याला उत्तम कळत होता. मासा टिकला तर पुढच्या वर्षी फी भरणारा माणूस येणार, एवढा सरळ हिशेब.

बक्षीस फुगले की काय होते, तेही तिथेच पाहावे. सप्टेंबर 2022 च्या शेवटच्या दिवशी क्लीव्हलँडला ईरी सरोवरावर वॉलाय माशाची स्पर्धा होती, बक्षीस सुमारे 29 हजार डॉलर. एका जोडीचे पाच मासे काट्यावर चढले आणि काटा 34 पौंडांच्या जवळ गेला. संचालकाला ते पटेना, कारण दिसायला एकेक मासा जेमतेम चार पौंडांचा. त्याने सर्वांसमोर माशाचे पोट फाडले, तर आतून शिशाचे गोळे निघाले, शिवाय दुसऱ्या माशांचे काप. पुढच्या वर्षी दोघांनी गुन्हा कबूल केला. दहा दिवस तुरुंग झाला, बोट जप्त झाली, परवाने निलंबित झाले. ही हकिगत आपल्याकडे मोबाइलवर फिरली तेव्हा लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. आपल्या बऱ्याच स्पर्धांत पोट फाडणे राहिले दूर, शून्यावर काटा आणून दाखवायचीही पद्धत नाही. ओल्या गोणपाटासकट मासा पारड्यात पडतो, गोणपाटाचे वजन कुणी वजा करत नाही आणि संध्याकाळी मारामारी होते.

म्हणून दुकानदारांना आमचे सांगणे असे, की पहिला पैसा तराजूवर घाला. ग्रॅमपर्यंत दाखवणारा, वैधमापन खात्याचा शिक्का असलेला टांगता काटा, त्याला अडकवायला मऊ जाळीची ओली झोळी, आणि प्रत्येक वजनाआधी सर्वांसमोर झोळीसह शून्य. एवढ्याला ढालीपेक्षा फार जास्त खर्च येत नाही. काटा पुढच्या वर्षीही चालतो. ढाल विजेत्याच्या माळ्यावर जाते.

इथे एक मतभेद नोंदवतो. आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या डोळ्यांपुढे अमेरिकन व्हिडिओ असतात: वेगवान बोट, चमकते आमिष, बास. आपला मासा बास नव्हे. आपल्या धरणात कटला, रोहू, मृगळ आहे, मरळ आहे, फुगवट्याकडे शिवडा आहे. कटला-रोहूची जात कार्प माशांची, आणि काठावर बसून कणकेची गोळी नाहीतर पेंड लावून मासा धरण्याची आपली रीत इंग्लंडच्या कार्पवाल्यांना जास्त जवळची. तिथल्या स्पर्धेत काठावर क्रमांकाच्या खुंट्या मारतात. सकाळी चिठ्ठी काढायची, जी खुंटी येईल तिथे बसायचे. शिट्टीला सुरुवात, शिट्टीला शेवट, बहुधा पाच-सहा तासांचा खेळ. मासा पाण्यातच बुडालेल्या लांब जाळीच्या पिशवीत राहतो आणि शेवटी तराजू माणसाकडे चालत येतो. मासा काठाकाठाने मंडपापर्यंत नाचवत न्यायचा, ही कल्पनाच तिथे नाही. हातरुमालाएवढ्या गावतळ्यावरही हे जमते. बोट लागत नाही, म्हणून बोट नसलेला पोरगा आणि बोटवाला सावकार एका रांगेत बसतात. चिठ्ठीमुळे "आमची नेहमीची जागा" हा वादही उरत नाही.

पिशवी दाटीवाटीची किंवा उथळ पाण्यात असेल तर तीही माशाचा जीव घेते, हे जाता जाता सांगून ठेवतो. ती भीती वाटत असेल तर तिसरा मार्ग आहे. कयाकवाल्या स्पर्धांत मासा मोजपट्टीवर ठेवतात, तोंड एका बाजूच्या फळीला टेकवतात, शेजारी त्या दिवसाची खुणेची चिठ्ठी ठेवतात, फोटो घेतात आणि तिथल्या तिथे सोडतात. वजनाऐवजी लांबी. चिठ्ठीवरची खूण आयत्या वेळी जाहीर होते, म्हणजे कालचा फोटो आज चालत नाही. दुकानदाराने स्वतःचे नाव छापलेल्या शंभर मोजपट्ट्या वाटल्या तर वर्षभर त्या पोरांच्या पिशवीत राहतील. फ्लेक्सपेक्षा ही जाहिरात स्वस्त पडते.

आता सोडलेल्या माशाबद्दल. "सोडला म्हणजे जगला" असा गोड समज आहे. गळाने धरून सोडलेल्या माशांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2005 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात मरण्याचे प्रमाण सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास निघाले; कुठे जवळपास शून्य, कुठे फारच जास्त. फरक पाडणाऱ्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहेत: गळ ओठात लागला की घशात, मासा हवेत किती वेळ राहिला, पाणी किती तापलेले होते. 20 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. दमलेल्या माशाला नेमका तेव्हाच जास्त हवा असतो. आणि आपल्या स्पर्धा भरतात कधी? मे महिन्यात, शाळांना सुट्टी असते म्हणून. दुपारी बारा वाजता, पाहुणे तेव्हा पोहोचतात म्हणून. पाणी खाली गेलेले, काठाला कढत.

गळवाले म्हणतील, थंडीत कार्प गोळी घेत नाही. खरे आहे, डिसेंबर-जानेवारीत हात चोळत बसावे लागते. मग ऑक्टोबरचा शेवट-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी धरा, पहाटे सहाला शिट्टी आणि अकराच्या आत खेळ खलास. मासा धरताना हात ओले, गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट केलेला, खाली दगडमातीऐवजी ओला फोम. पाहुण्यांनी यायचे तर अकराच्या आत यावे. कुठल्याही पुढाऱ्याच्या भाषणापायी कटल्याला टबात तास काढायला लावू नये. हे वाक्य वाचून एक-दोन आयोजक आमच्यावर रुसतील, त्यांना आम्ही ओळखतो.

सगळ्यात नाजूक बाब मात्र मालकीची. धरणातला मासा कुणाचा? ज्या सहकारी संस्थेने ठेक्याची रक्कम भरली, बीज केंद्रावरून बोटुकली विकत आणून सोडली, चोरटी जाळी धरायला रात्री गस्त घातली, तिचा. स्पर्धेच्या दिवशी मात्र संस्थेच्या सभासदाला सांगतात, "दादा, आज जाळी काढून घ्या, कार्यक्रम आहे." थर्माकोलच्या तराफ्यावर पोट भरणाऱ्या माणसाचा तो दिवस बुडतो. रात्री लावलेली जाळी पहाटे काढली नाही तर मासा सडतो, म्हणजे बुडतो तो दीड दिवस. संध्याकाळच्या मंडपात त्याला खुर्चीसुद्धा नसते. आम्हाला विचाराल तर प्रायोजकाच्या पैशांतला दुसरा वाटा इथे लागावा: जाळी उचलणाऱ्या प्रत्येक सभासदाला त्या दिवसाची मजुरी, आधी, रोख. काट्याजवळचा पंच म्हणून संस्थेचाच जुना जाणता माणूस बसवा. माशाच्या पोटात शिसे आहे का, हे त्याला डोळे झाकून कळेल. संस्थेची लेखी संमती नसेल तर दुकानदाराने एक रुपयाही देऊ नये. ठेका चालू असताना परस्पर फी घेऊन स्पर्धा भरवली, तर ते प्रकरण कुठे जाते, याचा अनुभव आपल्या काही वाचकांना आहे.

यावर लगेच सुचणारी गोष्ट म्हणजे "आम्ही त्याबदल्यात बोटुकली सोडू." विचार चांगला, पण सोडायची कुठली? याबाबतीत महशीरचा धडा लक्षात ठेवावा. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून सायक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये ज्याचे वर्णन केले, तो आपला दख्खनी महशीर. लोणावळ्याजवळ वळवणच्या बीज केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून त्याचे बीज तयार केले. एका कंपनीने माशासाठी इतकी वर्षे सातत्याने काम केल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे शोधावे लागेल. हा मासा आज बऱ्या स्थितीत आहे, यात त्या कामाचा वाटा आहे. पण तेच बीज कावेरीत गेले. गळवाल्यांना मोठा मासा मिळावा, नदी भरावी, हाच हेतू होता. कावेरीत स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महशीर होता. पाहुणा वाढला आणि घरचा आटला. त्या घरच्या माशाला नीट शास्त्रीय नाव मिळाले 2018 मध्ये आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत बसला. कारणे आणखीही होती, धरणे, वाळू, सुरुंग. तरी सदिच्छेने सोडलेले बीजही घरच्यांना उठवते, हे त्यातून दिसते. म्हणून बोटुकली सोडायची तर त्या पाण्यात आधीपासून असलेल्या जातीची, संस्थेच्या मागणीप्रमाणे, मत्स्यव्यवसाय खात्याला विचारून, चार इंचांच्या खाली नको. नाहीतर ती तिलापिया आणि शिवड्याचा नाश्ता होते.

तिलापियाचा विषय निघालाच आहे, तर रश्शाचा प्रश्नही मिटवून टाकू. स्पर्धेत एक वेगळा गट ठेवा: तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर, जितका धराल तितका थोडा, एकही परत सोडायचा नाही. मांगुराच्या या जातीवर केंद्राने 2000 मध्येच बंदी घातली आहे, तरी तो तळ्यातळ्यांत सापडतो. या गटात पोरांना उतरवा. तिलापियाचा रस्सा करा. मांगूर मात्र पातेल्यात नको, तो संस्थेच्या ताब्यात द्या, पुरायचे ते पुरतील. कटला पाण्यात जाईल, भाकरीबरोबर तिलापिया जाईल आणि पुढाऱ्यांचीही सोय होईल.

पवईचे उदाहरण मुद्दाम उरवून ठेवले होते. 1891 मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेला तो तलाव पिण्याच्या कामी आला नाही. पुढे गळवाल्यांनी त्याच्या काठावर आपली संस्था वसवली आणि मासा सोडून देण्याची शिस्त बऱ्याच अंशी पाळली. भोवती शहर वाढले, सांडपाणी आले, जलपर्णीने पाणी झाकले. गळाची शिस्त कितीही कडक असली तरी नाल्याचे पाणी गळाला लागत नाही. अमेरिकेत त्या स्कॉटनेच उभारलेल्या बासवाल्यांच्या संघटनेने सुरुवातीच्याच वर्षांत नद्या नासवणाऱ्या दोनशेहून जास्त कंपन्यांवर दावे ठोकले होते. आपल्या दुकानदाराने कोर्टात जावे असे आम्ही म्हणत नाही. पण स्पर्धेच्या सकाळी पाण्यातला प्राणवायू मोजणारा साधा संच काठावर ठेवून, ते आकडे दर वर्षी फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? दहा वर्षांचा फळा घेऊन ग्रामसभेत उभे राहिले की कारखान्याच्या साहेबाला उत्तर द्यावे लागते.

हे सगळे आम्ही फोनवर इतक्या सविस्तर बोललो नाही, अर्थातच. तरी वीस मिनिटे झाली. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे 21 हजारांतले दहा काट्याला आणि झोळ्यांना, काही जाळीवाल्यांना. मग पहिल्या नंबराला काय देऊ?"

"तुमच्याकडचं चांगलं रीळ द्या. आणि गळाचं वर्षभराचं सामान."

"आणि ढाल?"

आम्ही म्हटले, करा, पण लहान करा. ते हसले. मग म्हणाले की संस्थेचे अध्यक्ष आणि ते गेली चार वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, बांधावरच्या जागेवरून वाजले होते. संमतीचे पत्र आणायला आता जावे लागणार. रविवारी जातो म्हणाले, बाजाराच्या दिवशी नको, लोक बघतात.